कावळा आलाच न्हाई

आई,

आज डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "आजी, तुमच्या आईला होता का हा त्रास?" आणि मी ताडकन "नाही" म्हणाले. इतकं ताडकन की त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी कागदावर तसं लिहून घेतलं. थेरगावातल्या त्या दवाखान्यातून मी रिक्षाने घरी आले, रिक्षात नेहमीसारखी एका बाजूला कलून बसले, घरी येऊन चहा केला, तो गार होऊ दिला आणि हे लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं हे मला पहिली ओळ लिहून झाल्यावर आठवलं. असू दे. तुला वाचता येत असतं तर मला लिहिण्याचं धाडस झालं नसतं.

मला हे दुखणं बावन्नाव्या वर्षी लागलं. कुठे, ते तुला सांगायला नको. आधी नुसती खाज, मग पांढरे चट्टे, मग कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होऊन चिरायला लागली. लघवीला बसलं की मिरची लागल्यासारखी आग. पाच-सहा वर्षं मी कुणाला बोलले नाही, आणि बोलले तेव्हाही खोटंच बोलले. सुनेला मी मूळव्याध सांगितली आहे. मूळव्याधीला आपल्यात मान आहे. चारचौघांत तिच्याबद्दल बोलता येतं, सुरणाची भाजी करून मिळते. पहिल्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी या दुखण्याचं लांबलचक इंग्रजी नाव दोनदा म्हणून दाखवलं, मला ते एकदाही म्हणता आलं नाही. पण बाकीचं मी नीट ऐकलं. हे लागट नाही, कुणाच्या पापाने होत नाही, समूळ जात नाही, पण मलम लावून दाबून ठेवता येतं. मलम हरभऱ्याच्या डाळीएवढं घ्यायचं. पहिल्यांदा लावताना आरसा धरून बघा म्हणाल्या. नातवंडं झालेल्या बाईने दाराला कडी लावून आरसा धरायचा! मला हसू आलं आणि मग मी तिथेच, न्हाणीघरात, पाटावर बसून रडले. तुझ्यासाठी रडले असं म्हणायला मला आवडलं असतं, पण त्या दिवशी मी माझ्यासाठीच रडले.

तुझ्याकडे सांगायला मूळव्याधसुद्धा नव्हती. तुझ्याकडे फक्त कावळा होता.

आपली आजी, म्हणजे तुझी सासू, माळकरी. चाकणच्या अलीकडे-पलीकडे शेतकऱ्यांच्या घरांत एवढं कडक कुणी पाळत नव्हतं, बायकांवाचून कामं अडायची. पण आपल्या घरी विटाळ म्हणजे विटाळ. कावळा शिवला की पडवीच्या कोपऱ्यात घोंगडी, वेगळा तांब्या, वेगळी थाळी, आणि चौथ्या दिवशी न्हाऊन घरात. चूल नाही, विहीर नाही, आणि कांद्याच्या रोपावर तर बाहेर बसलेल्या बाईची सावलीसुद्धा पडायची नाही, रोप पिवळं पडतं म्हणे. मी लहान असताना मला वाटायचं की खराच एखादा कावळा येऊन तुला टोचून जातो. मी अंगणात काठी घेऊन बसायचे. एकेक कावळा हाकलायचे आणि तरी महिन्याने तू घोंगडीवर जाऊन बसायचीस. मग मी स्वतःवरच चिडायचे, की माझी नजर चुकवून आला कसा. तू हसायचीस. "लई चतुर पाखरू हाय ते," म्हणायचीस. "तू पाणी प्यायला गेलीस तवा आलं."

पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखान्याच्या भिंती उठत होत्या. दादा, माझे वडील, तिथे कामाला लागले. शनिवारी दुपारी सुटून सायकलवर घरी यायचे, रविवारी जेवून परत. ते आले की आजी कोंबडी कापायला लावायची नाही, माळकरीच ना, पण दुधाची खीर व्हायची. ते आले की मला आनंद व्हायचा. तुझा चेहरा मात्र शनिवारी सकाळपासून उतरलेला असायचा, आणि मला वाटायचं आईला दादा आवडत नाहीत. लग्न झाल्यावर, आणि मग हे दुखणं लागल्यावर, तुझा शनिवार मला कळला. तेव्हा मी एवढंच बघत होते की आईला कावळा आता महिन्यात दोनदा शिवायला लागलाय, आणि दुसऱ्यांदा शिवतो तो बरोबर शनिवारच्या आदल्या दिवशी.

आणखीही मी बघत होते. तू मागे परसाकडे जाताना दोन तांबे पाणी नेत होतीस. बाकीच्या बायका चवड्यावर बसून भांडी घासायच्या, तू एक गुडघा टेकायचीस. आणि काष्टा. आपल्याकडे बाई काष्टा घालूनच कामाला उभी राहायची, नऊवारी लुगड्याचा तो पीळ दोन पायांमधून मागे खेचून खोचलेला. चालताना, वाकताना तो कसा घासत असेल याचा विचार मी साठ वर्षांनी केला. घोंगडीवर बसलीस की तू जुनेर नुसतं गुंडाळून घ्यायचीस, काष्ट्याशिवाय. तेवढे चार दिवस तुझ्या कपाळावरची आठी जायची. विटाळशी बाई इतकी सुखात असलेली मी दुसरी बघितली नाही.

मग लोण्याचं झालं. ताक घुसळून आजी लोण्याचा गोळा पाण्यात ठेवायची आणि त्यावर बोटाने खूण करायची. गोळा कमी व्हायला लागला. आधी मांजरीवर आळ गेला, मग माझ्यावर. "काय गं सटवे, लोणी कुटं ग्येलं?" म्हणून आजीने माझ्या थोबाडीत दिली. दोन दिल्या. कानात वाजलं. तू चुलीपुढे होतीस. तू माझ्याकडे बघितलंस आणि भाकरी उलटलीस. मला माहीत होतं कुणी घेतलं ते. मी आदल्याच दिवशी तुला गोठ्यामागे जाताना बघितलं होतं, तळहातावर लोणी आणि वर पदर. मला वाटलं तू एकटीच चोरून खातेस. आई होऊन एकटी खातेस आणि मार मी खायचा! दुसऱ्या दिवशी तू माझ्या हातात गुळाचा खडा ठेवलास, केवढा मोठा. मी तो खाल्ला आणि तुझ्याशी बोलले मात्र नाही. आज माझ्या बोटावर डाळीएवढं मलम असतं, पांढरं, गार, लावलं की क्षणभर जीव निवतो. मला ते लोणीच वाटतं, आणि उजवा गाल चुरचुरतो.

त्या पौषात कांद्याची लागण आली. पाच बाया आल्या होत्या. लागण म्हणजे काय ते तुला मी काय सांगणार. वाफ्यात पाणी सोडलेलं, चिखलात उकिडवं बसायचं आणि तसंच सरकत सरकत रोप टोचत जायचं, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. लुगडं खालून ओलं ते ओलंच. तू लागणीच्या पहिल्या दिवशीच घोंगडीवर बसलीस. "कावळा शिवला गं, शिवू नगंस मला," म्हणालीस. तुझ्या वाट्याच्या भाकरी मी थापायच्या, पाणी मी आणायचं, बायांना शेतावर दुपारची भाकरी मी पोचवायची, शाळा बुडाली ती माझी. त्याच सकाळी न्याहारीला बाया अंगणात बसल्या होत्या. आजी भाकऱ्या वाढत होती. मी मोठ्याने म्हणाले, "आजी, आज कावळा आलाच न्हाई. मी सकाळधरनं बघती हाय."

सगळ्या बाया खो खो हसल्या. एकीला ठसका लागला. आजीही पदराआड हसली. ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षं आपल्याकडे लग्नाकार्यात सांगितली गेली. पोर किती भाबडी, काठी घेऊन कावळे राखत बसायची, आणि भर अंगणात आजीला काय म्हणाली! माझ्या सासरीसुद्धा ती पोचली. मीही हसते. सवय झाली आहे.

मग आजी उठली आणि पडवीत तुझ्यासमोर जाऊन उभी राहिली. "दाव फडकं," म्हणाली. बायांचं हसणं थांबलं. तू मान खाली घातलीस. "दाव म्हंते न्हवं? कांदं लावायला नगं, नवरा नगं, आन द्येवाधर्माचं नाव फुडं करून बसती व्हय गं?" काय बोलणार होतीस? कोणता शब्द होता आपल्याकडे? तू घोंगडीवरून उठलीस, सगळ्यांसमोर लुगडं सारखं केलंस आणि काष्टा घातलास. मागे खेचून खोचताना तुझा खालचा ओठ दातात गेला. आणि तू वाफ्यात गेलीस. नऊ दिवस लागण चालली, नऊही दिवस तू होतीस. तुझी ओळ सगळ्यांत मागे राहायची. बांधावर भाकरी खायला बसायच्या वेळी तू उभ्यानेच खायचीस.

शनिवारी आजीने दादांना सांगितलं. त्यांनी तुला मारलं नाही, ते मारणारे नव्हते. पण भिंतीकडे तोंड करून जेवले. मग ते महिन्या-दीड महिन्याने यायला लागले, तिकडेच खोली बघितली. त्यांना काय वाटलं असेल ते आता मला कळतं, बायकोला आपण नकोसे झालो असं वाटलं असणार. त्या माणसालाही कुणी काही सांगितलं नाही. आणि तू त्यानंतर खोटं सांगून एकदाही घोंगडीवर बसली नाहीस. लोणीही कमी झालं नाही. आजी म्हणायची, आता कशी सरळ आली.

तू मला एकदाच विचारलंस. माझी वेणी घालत होतीस, मी तुझ्याकडे पाठ करून बसले होते. "तू खरंच कावळा बघत व्हतीस व्हय गं?"

"व्हय," मी म्हणाले.

तुझा हात थांबला, मग पुन्हा केसांत फिरायला लागला. "बरं झालं. खोटं बोलू न्हाई मानसानं." आणि वेणीला गाठ मारता मारता, जणू दुसऱ्याच कुणाला, "आग व्हती गं नुसती. आग." मी मागे वळून "कसली?" विचारलं नाही. मला खेळायला जायचं होतं, असं मी स्वतःला सांगत आले आहे.

तीन वर्षांनी तू तापाने गेलीस. दहाव्याला भामा नदीच्या काठावर पिंड ठेवला आणि कावळे झाडावर बसून राहिले. वीस-पंचवीस असतील. एक खाली उतरेना. आजी हात जोडून म्हणाली, पोरीला चांगल्या घरी देईन. नाही. तुझ्या आवडीची गुळाची पोळी ठेवली. नाही. दादा पुढे झाले आणि म्हणाले, दुसरं लग्न करणार नाही. तरी नाही. कावळ्याला माणसं बरोबर कळतात, पुढच्या वैशाखात त्यांनी केलंच. ऊन तापलं, लोक चुळबुळायला लागले. आजी माझ्याकडे वळली. "तू सांग गं कायतरी. तुझ्यात जीव अडकलाय तिचा." सगळे माझ्याकडे बघत होते. मी एकदा झाडाकडे बघितलं, एकदा पिंडाकडे, आणि रडायला लागले. रडणाऱ्या पोरीला कोण काय म्हणणार? शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. मी चौदा वर्षांची होते, आणि मला काय सांगायचं होतं ते मला शब्दन् शब्द माहीत होतं.

पुढल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी परत बोलावलंय. "आईला: नाही" हे खोडायला सांगेन म्हणते, होईल की नाही कुणास ठाऊक. हा कागद मी घडी करून मलमाच्या खोक्यात ठेवणार आहे. त्या खोक्याला घरात कुणी हात लावत नाही, मूळव्याधीचं म्हणून.

त्या दिवशी अंगणात बाया हसल्या, आजी हसली, आणि हसून झाल्यावर ती पुन्हा भाकऱ्या वाढायला वाकली होती. लग्नाकार्यातली गोष्ट नेहमी तिथेच संपते, मीही ती तिथेच संपवते. पण तुझ्या फडक्यांवर वरून पाणी ओतायचं काम माझ्याकडे होतं, आई. मी अकरा वर्षांची होते आणि कावळा म्हणजे काय ते मला शाळेतल्या पोरींनी केव्हाच सांगितलं होतं. आजी वाकली, कुणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं, तेव्हा मी आणखी एक वाक्य म्हणाले.

"आन फडकी बी कोरडीच हायती."