एकच पांघरूण, तीन मजले

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तो खुर्चीतूनच झाला असं समज). तुझा गुडघा कसा आहे? मलम संपलं असेल तर कळव. तुझ्याकडच्या नर्सबाईंनाही माझा नमस्कार सांग. मी ठीक आहे, म्हणजे रागावलेली आहे, पण त्यात नवीन काही नाही असं तू म्हणशीलच.

तुला ठाऊकच आहे, संग्रहालयात माझं काम नोंदणीचं. आलेली वस्तू पुसायची, तिला क्रमांक द्यायचा, कार्ड भरायचं. मध्यंतरी एका गृहस्थांनी आपल्या दिवंगत आत्याची ट्रंक आणून दिली. ही आत्या घड्याळजी होती, भिंगातून बघून बघून एक डोळा कायमचा बारीक झालेली (फोटोत दिसतो). तिच्यासोबत एक शिक्षिका एकतीस वर्षं राहिली. ट्रंकेत दोघींचं सगळं एकत्रच होतं: घड्याळजीची हत्यारं, एक भलंमोठं पांघरूण, आणि शिक्षिका पहाटे शाळेला जाताना टेबलावर ठेवून जायची त्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. पण आमच्याकडे ट्रंक आली की तिच्या वाटण्या होतात. हत्यारं यंत्र विभागात गेली, पांघरूण वस्त्र विभागात, चिठ्ठ्या कागद विभागात. तीन विभाग, तीन मजले, आणि तिन्ही मजल्यांवरची माणसं एकमेकांशी चहापुरतंही बोलत नाहीत.

मी चिठ्ठ्या वाचल्या. एकीत लिहिलं होतं, 'काल दोघीही रागावून झोपलो, तरी पांघरूण तूच ओढलंस. आज दुकान लवकर बंद कर, भांडण अर्धं राहिलंय.' ती घेऊन मी तडक वस्त्र विभागात गेले आणि पांघरूण उलगडलं. एक कड जवळजवळ नवी, दुसरी ओढून ओढून विरलेली आणि तीनदा शिवलेली. मग चिठ्ठी आणि पांघरूण घेऊन (कंबर तेव्हाच धरली) साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, याला पुरावा म्हणत नाहीत, त्या काळी लोक काटकसरी होते आणि थंडीही फार असायची. आत्या, मधे एकतीस उन्हाळे गेले.

आणि पुरावा लागतो तो फक्त इथेच. खालच्या दालनात एका सेनापतींचा फोटो आहे, शेजारी एक बाई उभी. कार्डावर कुणीतरी बिनदिक्कत 'पत्नी' लिहून ठेवलंय. ती त्यांची दातांची डॉक्टर होती, हे मला त्यांच्याच डायरीत सापडलं. चाळीस वर्षं ती बिचारी पत्नी म्हणून भिंतीवर आहे, आणि तिच्याकडे कुणी लग्नाचा दाखला मागितला नाही.

ट्रंक देणाऱ्या भाच्याने फॉर्मवर शिक्षिकेपुढे 'भाडेकरू' लिहिलं होतं. नावाची जागा कोरी. फोन करून विचारलं, तर म्हणतो, "नाव काय ते कधी विचारलं नाही हो. आम्ही सगळे बाईच म्हणायचो." लहानपणीची प्रत्येक सुट्टी यांनी त्या घरात काढली, सायकल तिनेच शिकवली, गोवर आला तेव्हा उशाशी तीच बसली, आणि नाव माहीत नाही! मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. असल्या भाच्यांनाच ट्रंकेत घालून क्रमांक द्यावा, एवढं मात्र नक्की बोलले.

नाव नसेल तर 'अज्ञात स्त्री' छापू, असं साहेबांनी सांगितलं. माझं डोकंच फिरलं. चार दिवस रजा टाकून त्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत जुनी हजेरीपुस्तकं चाळत बसले आणि चिठ्ठ्यांच्या अक्षराशी एकेक सही ताडून पाहिली. चौथ्या दिवशी ती सापडली, पूर्ण नावानिशी. मी तिथेच स्टुलावर बसून रडले. शाळेच्या शिपायाला वाटलं माझंच कुणी गेलं, त्याने पाणी आणून दिलं.

आता दोघींची नावं छापायला साहेब तयार आहेत, पण नात्यापुढे त्यांना 'निकटच्या स्नेही' हवंय. मी 'जोडीदार' लिहिलंय आणि दुसऱ्या कशावरही सही करणार नाही म्हणून सांगितलंय. पांघरूण आणि चिठ्ठी एकाच काचेच्या कपाटात मांडून कुलूप लावलंय. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.

गुडघ्याला जप.

तुझी रागीट भाची

ता. क. शुक्रवारी प्रदर्शन उघडतंय. तू यायलाच हवंस. दोन निमंत्रणं पाठवते, एक तुझं आणि एक सोबतीला कुणी लागलं तर.

ता. क. २. पत्र पुन्हा वाचलं. 'सोबतीला कुणी' हे खोड. एकच निमंत्रण पाठवते, त्यावर दोन्ही नावं. तुझं लिहून झालं आणि अर्धा तास झाला, पेन हातात धरून बसले आहे. माझ्याही गोवरात उशाशी त्याच होत्या गं. आत्या, नर्सबाईंचं नाव काय? पूर्ण कळव. आणि नात्यापुढे काय लिहू, तेही त्यांनाच विचार.