पायातली चिनीमाती

२१ जुलै

पाय गेला माझा!

घोडेगावला एक्स-रे काढला. डॉक्टर वरच्या मजल्यावर, मला वॉकर घेऊन जिना चढवेना, म्हणून हेच फिल्म घेऊन वर गेले. मी खाली रिक्षात. परत आले ते एवढंसं तोंड करून. "आत घातलेलं विरघळाय लागलंय गं."

बघितली मी फिल्म. मार्चमध्ये गुडघ्याखाली पांढरेशुभ्र गोळे दिसत होते. आता नुसतं धुरकट. ड्यूटीवर एसटीच्या पायरीवरून पडले, हाड चेपलं, आत पोकळी झाली — तिच्यात भरले होते ते. चिनीमातीच्या जातीचे म्हणे. मातीच ती!

२२ जुलै

हे करायला लावलं कुणी? उज्ज्वलाताईंनी. ह्यांची सख्खी बहीण, त्याच दवाखान्यात नर्स. "कमरेचं हाड काढून घालण्यापेक्षा हे बरं, तेजू. भरतला सगळं समजावून सांगितलंय." विश्वास ठेवला मी! केसानं गळा कापला बाईनं.

२५ जुलै

ताईंचा फोन. मी तोंड सोडलं. त्या "अगं, ऐक तरी —" म्हणत होत्या. कट केला. हे म्हणाले, "बरं केलंस. तिचं तोंड बघू नकोस."

३० जुलै

डेपोतून साहेबांचा फोन — ड्यूटीवर कधी येता? काय सांगू? भीमाशंकरच्या गाडीवरचे ड्रायव्हर भगवंतमामा म्हणाले, "बाई, तुमच्याबिगर गाडीत करमत न्हाई." फोन ठेवून मी लई रडले.

हे म्हणतात, "राजीनामा लिहून टाक. मी हाय ना." माझी नोकरी ह्यांना पहिल्यापासून नको होती. बायको तिकिटं फाडत फिरते म्हणून भावकी हसायची. पण आता मायेनं म्हणतात. रोज पायाला तेल लावतात. देवमाणूस!

६ ऑगस्ट

लिहिला राजीनामा. उद्या हे नेऊन देणार. पण त्या डॉक्टरला चार शब्द सुनावल्याशिवाय मी गप्प बसायची नाही! हे मंचरला कांदा घेऊन गेलेत. शेजारच्या सरूबाईला घेऊन निघते.

६ ऑगस्ट, संध्याकाळ

बसत बसत जिना चढले. तोंड उघडलं, तर डॉक्टर हसायलाच लागले. "अहो, ते विरघळायलाच हवं! ते विरघळतं तसं त्या जागी तुमचं स्वतःचं हाड भरतं. छान भरलंय की! गेल्या खेपेलाच मिस्टरांना सांगितलं — वॉकर हळूहळू सोडा, पायावर भार टाका."

सरूबाईचा हात सोडला. उभी राहिले!

मग तिथंच टेबल धरून ढसाढसा रडले. मेल्या भरत, खोटं तरी बोलायचंस! खरं बोललास, पण अर्धंच.

७ ऑगस्ट

मी दवाखान्यात गेल्याचं सरूबाईकडून कळलंच भरतला. "डॉक्टर काय म्हणाला?"

"विरघळलं म्हणाले."

त्याच्या जिवात जीव आला. माझ्या डोळ्यांदेखत! पाठीवरून हात फिरवून म्हणाला, "जाऊ दे. मी हाय ना. आण तो राजीनामा."

"सकाळीच बंबात घातला," म्हणाले. वॉकर तिथंच ठेवून उठले, लंगडत त्याच्यासमोरून दारापर्यंत गेले, आणि उज्ज्वलाताईंना फोन लावला.