मागची खूण

उमरेड,
सोमवार, ११ फेब्रुवारी १९७४

प्रिय शालिक,

आज रजा टाकली. सकाळी पाणी भरलं, वच्छलाची दोन लुगडी शेजारच्या जिजाबाईंना दिली. एका भाकरीचं पीठ मळता येत नाही, दोन झाल्या. फियाट अंगणात उभी आहे, दिघोरीहून ओढत आणली तशीच.

वच्छलाच्या तेरवीला तू आला नाहीस. तुझ्या शेजारचे चंपतराव सांगत होते की तू नागपुरातलं, महालातलं गॅरेज उघडत नाहीस, आणि विचारलं तर म्हणतोस, "वयनीले मीच मारलं."

दसऱ्याला तू गाडी तयार करून दिलीस तो दिवस आठवतो. ठिणगी देणाऱ्या डब्यावर तू पांढऱ्या रंगाच्या दोन खुणा केल्या होत्या. पुढची त्र्याण्णव नंबरच्या पेट्रोलची, मागची साध्याची. मी विचारलं, महाग पेट्रोलात ताकद जास्त असते का? तू हसलास. "ताकद नाही गा, सबुरी जास्त असते. साधं पेट्रोल घाईचं, वेळेआधीच भडकते. ते भरशील तर डबा मागच्या खुणेवर फिरव. नाही तर पिस्टनले भोक पडंल, मंग मले बोंबलू नको." वच्छला चहा घेऊन उभी होती. म्हणाली, "भाऊजी, यायले कागदावर लिहून द्या, हे आयकत नाहीत."

वच्छलाला नागपूरला नेलं त्या दिवशी पहाटेपासून तिचं पोट दुखत होतं. इथल्या डॉक्टरांनी लगेच धंतोलीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. दिघोरीच्या अलीकडे इंजिनातून निळा धूर आला आणि गाडी थांबली. दीड तासाने एका ट्रकवाल्याने घेतलं. धंतोलीत डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स फुटलंय, तासभर आधी यायला हवं होतं. तेरवीला तिचा भाऊ रुपराव सगळ्यांसमोर म्हणाला, "त्या शालिक्यानंच इंजिन खराब केलं." माझ्यासमोर पान वाढलेलं होतं. मी खाली मान घालून जेवलो.

शालिक, त्र्याण्णव नंबर नागपुरातच मिळतं. इथल्या पंपावर साधंच असतं. दिवाळीपासून मी तेच भरत होतो, आणि डबा फिरवला नाही. पाच मिनिटांचं काम होतं. पण पुढच्या खुणेवर गाडी हलकी पळायची, खाणीच्या ऑफिसातले लोक बघायचे. ते मला सोडवेना. चढावर इंजिनातून आवाज यायचा, पत्र्याच्या पिंपात हरभरे हलवल्यासारखा. वच्छलाने पहिल्यांदा विचारलं, "अहो, हे काय वाजून राहिलं?" मी म्हणालो, रस्त्याचे खडे उडतात. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. मलाही त्या आवाजाची सवय झाली. त्या दिवशी पोट धरून मागे पडली होती, तेव्हा एवढंच म्हणाली, "आज खडे लय उडून राहिले." मी गाडी आणखी जोरात पळवली.

पत्र लिहिलं ते एवढं सांगायला. रुपरावलाही असंच पत्र टाकलं आहे. तू गॅरेज उघड. मला भेटायला आला नाहीस तरी चालेल. आज दुपारी बॉनेट उघडलं. पाना लावून डबा मागच्या खुणेवर आणला, नट आवळला, बॉनेट लावलं. मग हात धुतले.

अजून म्हणू देशील तर, तुझाच
मनोहर