आठवी दोरी

शनिवार, १४ जून

पेस्लीहून नऊला निघायचं ठरलं होतं. निघालो साडेदहाला, कारण नवरदेव उठलेच मुळी साडेनऊला. नवरदेव म्हणजे रॉडी गेडिस, माझा शाळेपासूनचा मित्र आणि ऑगस्टमध्ये माझ्या बहिणीचा, लॉर्नाचा, नवरा होणारा इसम. लग्नाआधी मित्रांनी मिळून स्पेनला वगैरे जायची पद्धत आहे. आमचा सगळा पैसा हॉलच्या भाड्यात गेला, म्हणून आम्ही दोघंच आठ दिवस स्कॉटलंडच्या उत्तरेकडे भटकणार आहोत, तेही मी काम करतो त्या बेकरीच्या जुन्या व्हॅनमधून. मागे गादी टाकली आहे. व्हॅनला अजून पावाचा वास येतो, त्यामुळे जेवण झाल्यावरही भूक लागते.

ही वही लॉर्नाने दिली. लग्नात वराच्या मित्राने भाषण करायचं असतं, ते माझ्या गळ्यात पडलं आहे. तेव्हा याचे सगळे पराक्रम रोजच्या रोज टिपून ठेव, असा तिचा हुकूम. निघताना तिने मला बाजूला घेऊन बजावलं, की इनेस, मला तो धड परत हवा. मी म्हटलं, धड आणतो, शहाणा करून आणायची हमी नाही.

पराक्रम पहिला: साहेबांनी बीन्सचे चौदा डबे आणले आणि ते उघडायला काहीच आणलं नाही. पहिला डबा मी पेचकस आणि दगड घेऊन फोडला. निम्मे बीन्स माझ्या शर्टावर. रॉडी म्हणे, मेहुण्या, तुला नारिंगी रंग शोभतो.

सोमवार, १६ जून

दोन दिवस अधूनमधून पाऊस, आणि पाऊस थांबला की चिलटं. रॉडी माझ्याहून चांगला वीतभर उंच, गादीवर मावत नाही. पाय मागच्या दारातून बाहेर काढून झोपला आणि सकाळी दोन्ही तळव्यांवर चिलटांनी मेजवानी केलेली. दिवसभर लंगडत होता. मी इतका हसलो की पोट दुखायला लागलं.

तळ्यात आंघोळ केली. पाणी असं गार, की मी जेमतेम गुडघ्यापर्यंत गेलो. रॉडीने सरळ सूर मारला आणि बाहेर येऊन म्हणाला, तुझं नेहमी असंच, लोकांना पुढे घालायचं आणि आपण काठावर. खरं आहे ते. माझा स्वभावच तसा आहे.

मंगळवार, १७ जून

आज फुकट जेवलो! तेही पोटभर, गरम.

किलमोरन नावाच्या खेड्यात चर्चच्या भिंतीजवळ पाण्याचा नळ दिसला, म्हणून थांबलो. आत मयत चालू होती. काळ्या कोटातला एक वाकलेला गृहस्थ आमच्याकडे आला. इम्री त्याचं नाव, खोऱ्यातल्या सगळ्या मयतांची व्यवस्था तोच बघतो. फार अदबीने म्हणाला, की आठ दोऱ्या आहेत आणि माणसं सातच. तुम्ही एक धराल का? आमच्या स्कॉटलंडात शवपेटी कबरीत उतरवायला आठ जणांना दोऱ्या देतात, कोणी कुठे उभं राहायचं त्याचं कार्डही देतात, आणि कोणी दोरी दिली तर नाही म्हणायचं नसतं. त्याने माझं नाव विचारलं, कार्डावर लिहिलं, आठवी दोरी, डावीकडे, पायांजवळ.

मी खांद्याचं कारण सांगितलं. खांद्याला काही झालेलं नाही. अनोळखी प्रेताची दोरी धरायचं माझ्या जिवावर आलं, बस. कार्ड मी रॉडीच्या हातात कोंबलं. त्याला उलट मान मिळाल्यासारखं वाटलं, केस नीट करून गेला.

जेवण हॉटेलात. स्टेक-पाय, वरचा पापुद्रा खुसखुशीत, आणि व्हिस्की. तिथे मी सहज मोजली, तर तीसएक माणसं होती. मग कबरीपाशी आठवा माणूस का मिळेना? शेजारच्या बाईंना विचारलं, तर त्यांनी बटाटे पुढे सरकवले. मेलेला म्हातारा, हेक्टर मॅकफी, खोऱ्याच्या वरच्या टोकाला एकटाच राहायचा. दारात कोणी गेलं की बाही पकडायचा आणि म्हणायचा, बस की जरा, एवढी काय घाई. टपालवाला एकदा सकाळी गेला तो दुसऱ्या दिवशी परतला म्हणे. सगळे हसत होते. हसता हसता रॉडीच्या हाताकडे बघत होते.

बुधवार, १८ जून

पराक्रम दुसरा, पण याच्यावर हसावं की नाही कळत नाही. पेटी तळाला टेकली की दोरी सोडून कबरीत टाकायची, हे रॉडीला माहीतच नव्हतं. त्याच्या घरची सगळी माणसं ग्लासगोच्या दाहगृहात गेली, त्याने दोरी कधी बघितलीच नव्हती. बाकीच्या सातांनी सोडली. याची दोरी पेटीकडच्या टोकाला सुटून वर आली आणि याने ती आठवण म्हणून खिशात घातली. काळी, गोंडा लावलेली, चार हात लांब.

सकाळी उठला तर दोरी मुठीत होती. मूठ उघडेना. कोमट पाणी केलं, लोणी लावलं. बोटं गार, लाकडासारखी. मी एकेक बोट उचकटायला गेलो तर ओरडला.

आणखी एक. गोंड्याचं टोक मुठीतून खाली लोंबत नाही. जरा मागे झुकलेलं असतं. मी व्हॅन वळवली, तर ते दुसऱ्या बाजूला झुकलं. दोन्ही वेळा किलमोरनकडे.

रॉडी म्हणाला, परत जाऊन देऊन येऊ. साठ मैल मागे जायचं आणि लोकांना काय सांगायचं, म्हणून मीच नको म्हटलं.

गुरुवार, १९ जून

आज रॉडीचे पाय दारातून बाहेर आले नाहीत. दार लावून झोपला होता, सरळ.

बाहेर उभा राहिला तेव्हा त्याचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर होते. मला वाटलं, तो खोलगट जागी उभा आहे. त्याला डांबरी रस्त्यावर घेतलं. रस्ता सपाट. तरी डोळे समोरासमोर. पँट लांब झालेली नाही, बूट पूर्ण दिसतात, गुडघे जिथल्या तिथे. तो फक्त खाली आहे.

पुढच्या गावात दवाखाना होता. नर्सने मूठ पाहिली, मग मी हट्ट केला म्हणून उंची मोजली. सहा फूट एक इंच. तीच त्याची उंची. तिने आकडा लिहिला, मान वर केली आणि त्याच्याशी बोलायला मान पुन्हा खाली घातली. पेन ठेवलं. तुमचं गाव कुठलं म्हणाली, घरी जा म्हणाली.

टेकडीवर चढून, रेंज मिळाल्यावर, किलमोरनच्या हॉटेलातून नंबर घेतला आणि इम्रींना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, की दोरी सोडली होती ना? मी म्हटलं, खिशात घातली. मग त्यांनी सगळं सांगितलं. हेक्टरला कोणी भेटायला गेलं की तो सोडायचा नाही, आणि मेल्यावर सोडेल असं खोऱ्यात कोणालाच वाटत नव्हतं. सात जण नात्यातले, त्यांना सुटका नव्हती. आठवा कोणी व्हायला तयार नाही, आणि दोरी रिकामी सोडणं म्हणजे मेलेल्याचा अपमान. इम्री म्हणाले, आठवी मी स्वतः धरायला हवी होती, मी म्हातारा माणूस, भ्यालो, चुकलो. ज्याच्या नावाची दोरी त्यानेच ती तळ लागेपर्यंत धरायची आणि त्यानेच सोडायची. तुमच्या मित्राने सोडली नाही, म्हणून उतरणं अजून चालू आहे. कार्डावरचं नाव त्याचंच ना?

मी फोन ठेवला.

कार्ड रॉडीच्या जॅकेटात आहे. मी ते बघितलं. इनेस रँकिन. स्वच्छ अक्षर आहे.

शुक्रवार, २० जून

परत निघालो आहोत. रॉडीला नावाचं सांगितलेलं नाही. दोरी इम्रींना देऊन टाकू, सुटशील, एवढंच म्हणालो. माझ्यासारखा हलकट मीच.

सीटवर बसला तर डोकं खिडकीच्या काचेपर्यंत येत नाही. बाहेरचं दिसत नाही म्हणून कुठे पोचलो ते मला विचारतो. मी सांगतो, तळं आलं, पूल आला, मेंढ्या आल्या. एकपदरी रस्ता आहे, समोरची गाडी बाजूला थांबून वाट देते, मी हात वर करतो. त्या लोकांना व्हॅनमध्ये मी एकटाच दिसत असणार.

दुखत नाही म्हणाला. कोणीतरी हळूहळू, सांभाळून खाली घेतंय असं वाटतं. आणि खालून आवाज येतो.

काय म्हणतो, विचारलं.

बस की जरा, म्हणतो. एवढी काय घाई.

मग रडला. लॉर्नाला फोन कर म्हणाला. मी केला नाही. काय सांगू? तिला मी काय म्हणून निघालो होतो, धड आणतो!

डिझेल संपलं. उद्या सकाळी पंप उघडेपर्यंत इथेच. किलमोरन अकरा मैल. पाठीवर घ्यायला गेलो, उचलला जात नाही. वजन त्याचं नाही ते.

शनिवार, २१ जून. सकाळ

पोचलो. धुकं आहे. चर्चची भिंत दिसते, पलीकडचं काही नाही.

रॉडी आता माझ्या कमरेला लागतो. गवतावर उभा आहे, गवत मोडत नाही, मातीही उकरली जात नाही. पायांकडे बघितलं की बूट दिसतात. मग चेहऱ्याकडे बघायला खाली वाकावं लागतं. मला हे लिहिताही येत नाही नीट

इम्री आले. मी कार्ड दाखवलं. त्यांनी वाचलं आणि टोपी काढली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग रॉडीला सांगितलं. सगळं. खांद्याचं खोटं होतं हेही. तो म्हणाला, माहीत होतं लेका, तुझ्या खांद्याला काय धाड भरलीय. म्हणाला, जा, व्हॅन घे आणि लॉर्नाकडे जा. असं म्हणाला तो.

मी दोरी धरली

नंतर

डाव्या हाताने लिहितोय. उजव्यात दोरी.

मी धरली आणि त्याची मूठ उघडली. तशीच, सहज. तो वर आला. उभा राहिला, माझ्यापेक्षा वीतभर उंच! मी रडलो, तोही. इम्रींनी त्याला हॉटेलात नेलं, शुद्ध हरपत होती त्याची. झोपू द्या म्हटलं. लॉर्ना, तो धड आहे. हातपाय सगळं. बोटांना थोडी सूज.

इम्रींनी समजावलं आहे. तळ लागला की दोरी सैल पडेल, त्या क्षणी सोडायची. आधी सोडली तर ती पुन्हा रॉडीकडे जाईल, पेटी उतरवताना ती त्यानेच धरली होती. उशीर केला तर धरणारा खालीच राहतो.

म्हणून कबरीजवळ गवतावर बसलो आहे. दोरी मुठीतून सरकतेय. चार हात दोरी, आणि सरकतेच आहे, मी दोन तास

अजून सैल नाही

ऊन पडलं. भिंत पाहिली. मघाशी धुकं हटलं तेव्हा बसल्या बसल्या तिच्या पलीकडचा रस्ता दिसत होता. आता दिसत नाही.

मी बसलोच आहे. तसाच. हललेलो नाही

सोडता येते. बोटं उघडतात माझी, करून बघितलं, जरा सैल केली तर वर हॉटेलातून रॉडी ओरडल्याचं ऐकू आलं. पुन्हा घट्ट धरली.

भीती वाटते. फार. आई

पावलं वाजतायत. इम्री असतील. रॉडी नसू दे. रॉडीला हाक मारणार नाही, तो आला तर हात पुढे करील, त्याला काठावर उभं राहता येत नाही कधी — फाटक लावा रे कोणीतरी, त्याला येऊ देऊ

रॉडीचेच बूट. मी उघडत नाही मूठ. लॉर्ना, मी नाही उघडत. गवत वहीच्या पानाला लागतंय, लिहिता येत ना