एकशे सदतीस पिवळे झेंडे आणि एक परवानगी परत करण्याबाबत

दिनांक : १० जून २०२४

प्रति,
मा. श्री. लायल बेकम,
अधीक्षक, काउंटी उद्यान विभाग,
मार्लो काउंटी.

विषय : टॅल्बर्ट विद्यापीठ माजी विद्यार्थी मंडळास यंदाच्या कार्यक्रमांसाठी दिलेली परवानगी काढून घेऊन ती ऑरिन स्टेट माजी विद्यार्थी मंडळास परत देण्याबाबत, तसेच अर्जदारावर कारवाई होण्याबाबत.

संदर्भ : १) आपले दि. ८ मे २०२४ चे पत्र (ऑरिन मंडळास एक वर्ष उद्यानबंदी; प्रत आम्हास).
२) आपले त्याच दिवशीचे दुसरे पत्र (टॅल्बर्ट मंडळाचे अभिनंदन).

महोदय,

परवानगी मिळावी म्हणून आपल्याकडे रोज अर्ज येत असतील. मिळालेली परवानगी काढून घ्यावी म्हणून आलेला हा बहुधा पहिलाच असेल. तरी तो शेवटपर्यंत वाचावा, अशी नम्र विनंती आहे. अर्जदाराने तो सहा वेळा लिहून पाच वेळा फाडला आहे.

१. अर्जदार वेंडेल ओस्टरहाउस, वय ५८, हा टॅल्बर्ट विद्यापीठाचा १९८८ सालचा पदवीधर असून आमच्या मंडळाचा कार्यक्रम-सचिव आहे. पोटासाठी तो विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करतो. कोणाची चूक, किती टक्के चूक, हे ठरवून लिहिणे हे त्याचे चोवीस वर्षांचे काम आहे. त्यामुळे खाली जे लिहिले आहे ते त्यास नीट लिहिता यायला हवे होते. आलेले नाही.

२. मंडळाचे येऊ घातलेले कार्यक्रम आपल्या नोंदीत आहेतच. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी अन्नपेढीत पाकिटे भरणे, वयस्क सभासदांच्या अंगणाची साफसफाई, १४ सप्टेंबरला नदीकाठचा कचरा उचलणे, २३ नोव्हेंबरला ऑरिनविरुद्धचा सामना एकत्र बसून बघणे. आणि मुख्य म्हणजे विद्यापीठात निघालेल्या नव्या मुलांसाठीचा ११ ऑगस्टचा निरोपाचा मेळावा, तळ्याकाठच्या मोठ्या मांडवात. त्या मांडवासाठीच हा अर्ज आहे, कारण तो मांडव आमचा नाही. जानेवारीत तो ऑरिन मंडळाने घेतला होता. ८ मे रोजी आपण तो त्यांच्याकडून काढून आम्हास दिला.

३. तो का काढून घेतला, हे आपणास माहीत आहे असे आपणास वाटते. खरी हकीकत पुढीलप्रमाणे आहे.

४. शनिवार दि. २७ एप्रिल रोजी दोन्ही मंडळांनी ओल्ड मिल वनोद्यानात, दरवर्षीप्रमाणे, लसूणमोहरीचे तण उपटले. पुलाच्या पूर्वेचा भाग आमचा, पश्चिमेचा ऑरिनचा. जो जास्त पोती भरेल त्यास वर्षभर ती बादली मिळते. अर्धी आमच्या डाळिंबी रंगाची, अर्धी पिवळी रंगवलेली, बुडाला भोक पडलेली ही बादली बाहेरचा माणूस भंगारातही घेणार नाही. आमच्याकडे तिच्यासाठी माणसे एकमेकांशी बोलणे सोडतात. गेली तीन वर्षे ती ऑरिन मंडळाच्या अध्यक्षा श्रीमती डोरीन कपुस्टा यांच्या स्वयंपाकघरात, खिडकीत, रस्त्यावरून दिसेल अशी ठेवलेली होती. अर्जदार रोज त्याच रस्त्याने कामावर जातो.

५. सकाळी आपण स्वतः सांगितले होते : "दुसऱ्या रानरोपांची पानंही सारखीच दिसतात, तेव्हा शंका आली की पान चुरगाळा आणि वास घ्या. लसणीचा वास आला तर उपटा, नाही आला तर हात लावू नका." अर्जदाराने ही सूचना आपल्या माणसांना तीनदा वाचून दाखवली. पावणेबारापर्यंत आमची बाजू संपली. पोती मोजली तर आम्ही एकाने मागे होतो. ऑरिनची माणसे तेव्हा पिझ्झा खायला गाड्यांपाशी गेली होती. अर्जदार एकटाच पूल ओलांडून त्यांच्या बाजूला गेला. त्याच्याबरोबर दुसरे कोणीही नव्हते, हे विशेष नमूद करतो.

६. पुलापलीकडे उतारावर तारेच्या काडीवरचे छोटे पिवळे झेंडे ओळीने लावलेले होते. पिवळा हा ऑरिनचा रंग. पाच वर्षांपूर्वी त्याच मंडळींनी अर्जदाराच्या हिरवळीत साठ पिवळे चमचे रोवून ठेवले होते. तेव्हा हे झेंडे आम्हाला डिवचण्यासाठी लावले आहेत, 'ही जमीन आमची' म्हणून, असे अर्जदाराने गृहीत धरले. वास्तविक रस्त्याकडेचे पिवळे झेंडे जमिनीखालच्या गॅसच्या नळासाठी असतात आणि झेंडा हा कोणीतरी 'इथे सांभाळा' म्हणूनच लावतो, हे अर्जदारास त्याच्या नोकरीमुळे इतर कोणाहीपेक्षा चांगले ठाऊक आहे. असे झेंडे न बघता खणणाऱ्या किती जणांचे दावे त्याने स्वतः नाकारले आहेत.

७. अर्जदाराने वास घेतला. हे आपण मानावे, कारण यात तो खोटे बोलत नाही. प्रत्येक पानाला लसणीचा वास आला. परंतु सकाळपासून तीन तास लसूणमोहरी उपटलेल्या हातांनी तो वास घेत होता. त्या वेळी त्याच्या टोपीलाही लसणीचा वास येत होता. नंतर खाल्लेल्या पिझ्झ्याचे तर सोडूनच द्या.

८. सबब, एकशे सदतीस रोपे व तितकेच झेंडे अर्जदाराने पाऊण तासात उपटले. रोपांनी दोन पोती भरली. आम्ही एकसष्ट, ऑरिन साठ. पोती त्याच दिवशी कचरा डेपोत गेली. झेंडे मात्र अर्जदाराने गाडीच्या डिकीत ठेवले, नोव्हेंबरच्या सामन्याच्या दिवशी डोरीनच्या अंगणात रोवण्यासाठी. बादली हातात घेऊन काढलेला त्याचा फोटो वर्तमानपत्रात आला. त्यात तो हसत आहे.

९. ती रोपे रानव्हायोलेटची, म्हणजे जांभळ्या रानफुलांची, होती आणि निवृत्त शिक्षिका श्रीमती इनेझ थॉर्नबर्ग, वय ७९, यांनी आपल्या विभागाच्या परवानगीने नऊ वर्षांत बियांपासून वाढवली होती, हे अर्जदारास ८ मे रोजी आपल्या पत्रातूनच कळले. त्या पानांवर वाढणारे एक फुलपाखरू यंदा प्रथमच तिथे दिसले होते, हेही. जागा ऑरिनच्या बाजूची, म्हणून दोष ऑरिनचा, असा निष्कर्ष आपण काढला. पाहणी करणाऱ्या कोणीही तोच काढला असता. अर्जदाराने तो वाचला, पत्राची घडी घातली आणि गप्प बसला.

१०. त्या रात्री अर्जदाराने झेंडे प्रथमच नीट पाहिले. प्रत्येकावर पेन्सिलीने बारीक अक्षरात क्रमांक आहे, लावल्याचे साल आहे आणि पहिले फूल कधी आले ती तारीख आहे. काहींवर तारखेची जागा कोरी आहे. अक्षर अर्जदाराच्या ओळखीचे निघाले. सातवीत त्याच्या विज्ञानाच्या वहीवर याच अक्षरात 'निरीक्षण कमी, घाई जास्त' असा शेरा होता.

११. 'खाई त्याला खवखवे' म्हणतात, त्याचा अनुभव अर्जदाराने पुढे महिनाभर घेतला.

(अ) ९ मे रोजी तो कचरा डेपोत जाऊन आपली दोन पोती परत मिळतील का, असे विचारून आला. तिथल्या माणसाने सांगितले, "साहेब, तुमची पोती आता टेकडीच्या पोटात आहेत. वर बारा दिवसांचा कचरा आहे. फावडं देऊ का?"

(आ) १९ मे रोजी त्याने रोपवाटिकेतून चाळीस व्हायोलेट आणून पहाटे उतारावर लावली. ती २१ मे रोजी आपल्याच कर्मचाऱ्यांनी बागेतले परके तण म्हणून उपटून टाकली. याबाबत अर्जदाराची तक्रार नाही. त्यांनी झेंडे नसलेली रोपे उपटली, एवढेच.

(इ) २३ मे रोजी श्रीमती कपुस्टा वाचनालयाच्या पार्किंगमध्ये भेटल्या. एरवी त्या टोमणा मारल्याशिवाय पुढे जात नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "वेंडेल, बादली नीट ठेव रे बाबा. तुम्ही प्रामाणिकपणे जिंकलात. आमच्यातलं कोण गेलं तिकडे, मी एकेकाला विचारलं, कोणी कबूल होत नाही. पण झालंय तर खरं. मी थॉर्नबर्ग बाईंच्या दारात जाऊन माफी मागून आले." न केलेल्या चुकीसाठी डोरीन मान खाली घालून आली होती. अर्जदार तिला म्हणाला, "होतं असं कधीकधी." महोदय, याहून हलके वाक्य अर्जदाराने आयुष्यात उच्चारलेले नाही.

१२. ऑरिनचा निरोपाचा मेळावा रद्द झाला आहे. यंदा त्यांच्या विद्यापीठात या काउंटीतून सव्वीस मुले जात आहेत. त्यांपैकी एकोणीस जणांच्या घरात आजवर कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. मेळाव्यात कणसे आणि बटाट्याचे सॅलड खाऊन झाल्यावर एकेक जुना विद्यार्थी एकेका मुलापुढे उभा राहतो आणि आपला फोन नंबर लिहिलेले कार्ड त्याच्या हाती देऊन म्हणतो, "अडलंस तर मला फोन कर. कधीही कर." दोन्ही मंडळांत हीच पद्धत आहे. अर्जदारास असे कार्ड १९८४ साली मिळाले होते आणि पहिल्या ऑक्टोबरात, सामान बांधून घरी पळून यायच्या बेतात असताना, त्याने त्या नंबरावर फोन केला होता. पलीकडच्या माणसाने त्यास तासभर बोलत ठेवले. तो माणूस नसता तर अर्जदार पदवीधर झाला नसता. एका भोकाच्या बादलीपायी त्याने सव्वीस मुलांच्या हातची कार्डे काढून घेतली आहेत.

१३. १ जून रोजी, अन्नपेढीचे काम आटोपल्यावर, वयस्क सभासदांच्या अंगणाच्या साफसफाईत, अर्जदाराच्या वाट्यास थॉर्नबर्ग बाईंचे घर आले. यादी अर्जदारानेच एप्रिलच्या सुरुवातीस केली होती, त्यामुळे बोलणार कोणास? होय, बाई आमच्याच मंडळाच्या सभासद आहेत. टॅल्बर्ट, १९६७. काम झाल्यावर त्यांनी रूबार्बच्या आंबट देठांची गोड पाई कापून दिली आणि आपणहून म्हणाल्या, "पिवळे झेंडे बघून तूसुद्धा चक्रावला असशील ना? अरे, दुकानात तेवढेच उरले होते. मी म्हटलं, आपल्या रंगाचे मिळेपर्यंत कुठं थांबू?" मग हसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ऑरिनच्या पोरांवर माझा राग नाही रे. चुकून झालं असणार. तू आपल्या लोकांना वास घ्यायला शिकवलंस, तेवढं त्यांना कोणी शिकवलं नाही. तू शाळेत घाईचा होतास, पण सुधारलास हं."

अर्जदाराने पाईचा दुसरा तुकडाही खाल्ला. नाही म्हणायला तोंड उघडले असते तर भलतेच बाहेर आले असते.

१४. ५ जूनच्या सभेत मंडळाने ठरवले की, ११ ऑगस्टच्या मेळाव्यात वर्षातील उत्तम स्वयंसेवकाची सन्मानपाटी अर्जदारास द्यावी आणि ती थॉर्नबर्ग बाईंच्या हस्ते द्यावी. ठराव एकमताने झाला. अर्जदाराने हात वर केला नव्हता. तो विनय समजण्यात आला.

१५. त्या दिवशी घरी आल्यावर अर्जदार गॅरेजमध्ये झेंडे धूत बसला असता त्याच्या पत्नीने, मार्नीने, त्यास पाहिले. तिने सगळे ऐकून घेतले. ओरडली नाही. म्हणाली, "चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लिहितोयस. आता स्वतःची एक लिही." आणि दिवा चालू ठेवून आत गेली. हा अर्ज त्यामुळे आहे. मंडळाची मंडळी यास हात दाखवून अवलक्षण म्हणतील, आणि ते बरोबरच आहे.

१६. तरी विनंती की,

(क) ऑरिन मंडळावरील बंदी आजच उठवावी व ११ ऑगस्टचा मांडव त्यांना परत द्यावा. आमच्या मंडळाने मुलांचा मेळावा चर्चच्या तळघरात घ्यावा. मुलांना कार्ड कुठेही देता येते.

(ख) आपल्या ८ मेच्या पत्रात जिथे 'ऑरिन' आहे तिथे अर्जदाराचे नाव घालून ते वर्तमानपत्रात द्यावे. फोटो तोच वापरावा.

(ग) अर्जदारास उद्यानात येण्यास कायमची बंदी करावी. मात्र ती लागू करण्यापूर्वी त्यास त्या उतारावर, थॉर्नबर्ग बाई सांगतील ते, सांगतील तितकी वर्षे करू द्यावे. या दोन मागण्या एकमेकींना छेद देतात, हे अर्जदारास कळते. कोणती मान्य करावी, हे बाईंना विचारावे.

१७. महोदय, इथवर 'अर्जदार' म्हणत आलो, कारण त्याच्याबद्दल लिहिणे सोपे होते. उपटली ती मी. गप्प बसलो तो मी. मला लाज वाटते. सुरुवातीला ती पकडले जाण्याची होती. आता तसे राहिलेले नाही. मला कोणी पकडले नाही, सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, याचीच आता जास्त लाज वाटते.

या अर्जाची एक प्रत मी आज दुपारी चार वाजता थॉर्नबर्ग बाईंच्या हाती स्वतः देणार आहे. त्या चष्मा शोधतील, बसतील, सावकाश वाचतील. वाचून होईपर्यंत मी दारात उभा राहीन. त्याआधी त्यांना कार्यालयातून फोन जाऊ नये, एवढी मेहरबानी करावी.

तिथून मी डोरीनकडे जाईन.

आपला नम्र, आणि आपल्या अभिनंदनास अपात्र,

(सही)
वेंडेल ओस्टरहाउस

सोबत :
१. ११ ऑगस्टच्या मांडवाचे मूळ परवानगीपत्र.
२. बादली, एक.
३. पिवळे झेंडे, धुतलेले, क्रमवार लावलेले, क्र. २ ते १३७. एकूण एकशे छत्तीस.

टीप : क्र. १ चा झेंडा सोबत नाही. काल, ९ जून रोजी, उतारावर एके ठिकाणी जमिनीतून दोन पाने वर आलेली दिसली. कोणत्या रोपाचे मूळ राहिले हे आता कळण्याचा मार्ग नाही, म्हणून पहिला झेंडा तिथे लावला आहे. पाने व्हायोलेटची की लसूणमोहरीची, हे पान चुरगाळून वास घेतल्याशिवाय सांगता येत नाही. दोनच पाने आहेत. मी वास घेतलेला नाही. आपल्या माणसांनीही घेऊ नये, ही विनंती.