पावडर लावून तपासणीला

३ मार्च
जेवताना बोलायची गोष्ट आहे का ही? सून म्हणते, आई, तुमची गर्भाशयाच्या तोंडाची टेस्ट करून घेऊ, कॅन्सर व्हायच्या आधीच कळतं. तेही माझ्या मुलासमोर! तो बिचारा ताटात तोंड खुपसून बसला. मी सांगितलं, माझं ते सगळं आटपून कितीतरी वर्षं झाली. पाळी गेली तरी पासष्टीपर्यंत करतात, म्हणाली. नवरा जिवंत नाही, म्हटलं. तरी करतात म्हणे. बाईकडे सगळ्याला उत्तर तयार.
जाणार नाही. विषय संपला.

६ मार्च
परकराला डाग. उष्णता असणार. पाणी जास्त प्यायचं ठरवलं. परकर मीच धुतला. सुनेला वाटलं, सासूला कामाची हौस आली.

८ मार्च, दुपार
पुन्हा डाग. पाणी पितेच आहे.
सुनेला अपॉइंटमेंट घ्यायला सांगितली. तिचं मन राखायला. घाबरून नाही. डागाचं बोलले नाही, उगीच घर डोक्यावर घेईल.

९ मार्च
दुकानात मी बायकांची मापं घेते. आज एक पोरगी छातीचं माप देताना आक्रसली. मी खेकसले, लाजतेस काय, माझा जन्म गेला यात! मग माझं मलाच कसंतरी झालं. पोरगी गेल्यावर शिलाई मशीनवरच्या दोघींना ज्ञान दिलं: टेस्ट दुखत नाही, मिनिटभराचं काम, बारीक ब्रश फिरवतात. धाकटीने विचारलं, तुम्ही केलीत वाटतं? मग काय, म्हटलं. परवा करणारच आहे, म्हणजे खोटं असं नाही.

११ मार्च
सकाळी दोनदा आंघोळ. परक्या बाईपुढे जायचं, वास नको. साबणाने आतबाहेर घासलं. वर गुलाबाची पावडर, हात आखडता न घेता. परकर नवा.
डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून पाहिलं आणि विचारलं, आजी, हे काय? नर्स तोंडाला रुमाल लावून भिंतीकडे वळली. टेस्ट झालीच नाही. दोन दिवस आत साबण, पावडर, मलम काही नको, मग या म्हणाल्या. सून म्हणते, मी सांगितलं होतं. सांगितलं होतं खरं. मला वाटलं, आळशी बायकांना दिलेली सवलत आहे ती.
डाग वगैरे दिसतो का, असंही बाईंनी विचारलं. पावडरीने आधीच अब्रू गेली होती. नाही म्हटलं.

१४ मार्च
नुसत्या पाण्याने आंघोळ करून गेले. पाय वर, डोळे छताला. थंडगार काहीतरी लागलं, जरा ओढल्यासारखं झालं, बाकी दुखलं नाही. इतकं मी बरोबरच सांगितलं होतं.
मग बाई थांबल्या. रक्त आहे आजी, कधीपासून? पडद्यापलीकडे सून. मी म्हटलं, उष्णता. पाळी गेल्यावर उष्णतेचा डाग नसतो, म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. टेस्ट चांगली आली तरी डागाचं कारण शोधायचंच, म्हणाल्या. सोनोग्राफी केली. आतला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. ते मात्र दुखलं.
रिक्षात सून एकच वाक्य बोलली. मला का नाही सांगितलंत? मी रिक्षावाल्याला रस्ता सांगत बसले.

१७ मार्च
दुकानात धाकटी विचारते, रिपोर्ट काय आला? नॉर्मल, म्हटलं. अजून यायचाय, पण तोंडातून निघून गेलं. ती म्हणाली, मग मीही जाऊन येते. घाईने सांगितलं, जा बाई, पण जे होतंय ते सगळं सांग तिथे. मी सुईत दोरा ओवायला घेतला. ओवला जाईना.

२० मार्च, सकाळ
आज दवाखान्यातून तुकड्याच्या रिपोर्टचा फोन येणार. घाबरले नाही, हे लिहिलं आणि खोडलं.
काल माझा परकर सुनेने धुतला. मी नको म्हटलं तर हातातून ओढून घेतला.
ती उठायच्या आधीच माझा मोबाइल तिच्या उशाशी ठेवलाय. वाजला तर तिनेच उचलायचा. मुलाने नाही. मी तर नाहीच.