पाहणार नाही, एवढंच

नोनाक्रिस, जवाच्या कापणीनंतरची अमावस्या

दादा,

निकिप्पेचा नमस्कार. आम्ही ठीक आहोत. तिकडे सिराक्यूजच्या फौजेत तूही ठीक असशील असं धरून चालते. अक्षर पुजारीबुवांचं आहे, शब्द माझे. ते मधेमधे खाकरतात, तू लक्ष देऊ नकोस.

काळी शेळी व्यायली. जव बरे आले. बाबा आता डोंगरावर जात नाहीत. अंगणात बसून शेळ्यांच्या पाठीवर हात फिरवतात आणि एकेकीला नावानं ओळखतात. परवा मला मात्र शेजारीण समजले. म्हणाले, पावलांचा आवाज बदललाय. बदलणारच, दिवसभर उभी असते मी.

आता सांगूनच टाकते. त्यांना दिसत नाही. गेल्या हिवाळ्यात आधी एक डोळा गेला, मग दुसरा. तुला कळवायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं. "कीव करत येईल गाढव," म्हणाले. मी थकले आहे, दादा. शेण, धुणं, त्यांना भरवणं, वर त्यांची चिडचिड. तुझाही राग येतो. पण आज त्यासाठी लिहीत नाही.

मेंढ्या सोडून तू फौजेत नाव घातलंस, त्या दिवशी त्यांनी आपल्या कड्यावरून पडणाऱ्या स्टिक्स नदीचं पाणी घोड्याच्या खुरात धरून शपथ घेतली होती. ती मोडली तर देवसुद्धा वर्षभर श्वासाविना पडून राहतात, मग आपली काय कथा. म्हणून आजवर मी तुला कधी 'ये' म्हटलं नाही.

काल त्यांनी तोच घोड्याचा खूर काढायला लावला. "कड्याखालून भरून आण. दुसऱ्या भांड्यात आणशील तर तडकेल." जसं काही मला माहीतच नाही. आणलं. गुडघे अजून बोलतायत.

खूर धरून म्हणाले, "तू तिथं होतीस. मी नेमकं काय म्हणालो होतो?"

"'याचं तोंड पुन्हा पाहणार नाही.'"

"ऐकणार नाही, असं म्हणालो होतो?"

"नाही."

"हात लावणार नाही, असं?"

"नाही, बाबा. पाहणार नाही, एवढंच."

त्यांनी खूर खाली ठेवला. मग हसले. "डोळे गेले ते बरंच झालं म्हणायचं. लिही त्या गाढवाला."

त्यांच्या खोकल्यातून रक्त पडतं. हा हिवाळा निघेल असं वाटत नाही. एकदा मेलेल्यांची आखेरोन नदी ओलांडून सगळं विसरायला लावणारं लीथीचं पाणी प्यायले, की तुझं नावही त्यांच्याजवळ उरणार नाही. जहाजं बंद व्हायच्या आत नीघ.

दारात काही बोलू नकोस. त्यांचा हात धरून आपल्या तोंडावर ठेव, ते ओळखतील.

आणि मग मला एक दिवस झोपू दे.

तुझी,
निकिप्पे